सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही: तपासायला कुठून घ्यावं?

चावी फिरवली की इंजिन घर्र घर्र फिरतं, पण पकडत नाही. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो. पाच-दहा वेळा सेल्फ मारून झाला की मूळ बिघाड तिथेच राहतो आणि वर बॅटरी उतरलेली असते. म्हणून पहिलं काम म्हणजे चावी सोडणं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धं-एक मिनिट जाऊ द्या. स्टार्टर मोटर थोडा वेळ जोर लावण्यासाठीच बनवलेली असते. पेट्रोल गाडीतही ती शंभर-दोनशे अँपिअर ओढते, डिझेलमध्ये त्याहून जास्त, आणि त्यामुळे झपाट्याने तापते. शिवाय पेट्रोल इंजिनात न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं. नंतर इंजिन पेटलं की ते तिथे जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो.

इथे फक्त इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, एवढ्याच परिस्थितीबद्दल बोलू. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजत असेल किंवा काहीच होत नसेल, तर बॅटरी, टर्मिनल आणि स्टार्टर तपासायचे असतात आणि तो रस्ता वेगळा आहे.

पेट्रोल इंजिन सुरू व्हायला इंधन लागतं, ठिणगी लागते, सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जावी लागते आणि हे सगळं योग्य क्षणी घडावं लागतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. आजच्या गाड्यांमध्ये यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे: इंजिन कंट्रोल युनिटची, म्हणजे ईसीयूची परवानगी. यातलं नेमकं काय नाही हे कळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये. अंदाजाने प्लग (ठिणगी पाडणारा), मग कॉइल (प्लगला जास्त व्होल्टची वीज देणारी), मग इंधनाचा पंप बदलत गेलेल्या गाड्यांमध्ये शेवटी फ्यूज उडालेला निघतो.

बॉनेट उघडण्याआधी कान आणि डोळे

पाच सेकंद सेल्फ मारा आणि फक्त आवाज ऐका. निरोगी इंजिन मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि त्याला एक ठरावीक ठेका असतो, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना क्षणभर अडवतो. ठेका मंद आणि कुंथल्यासारखा असेल तर बॅटरीकडे वळा. ठेका मध्येच एका ठिकाणी सैल पडत असेल तर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, गेलेलं असू शकतं. आणि ठेका नाहीसाच होऊन इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, एकसुरी ‘व्हीईई’ करत फिरत असेल, तर तिथेच थांबा. हे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडावेत म्हणून असलेला पट्टा, काही इंजिनांत त्याजागी चेन) तुटल्याचं किंवा चेन सरकल्याचं लक्षण असू शकतं. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि सेल्फच्या प्रत्येक प्रयत्नागणिक नुकसान वाढतं.

आता चावी ‘ऑन’वर ठेवून डॅशबोर्ड पाहा. इंजिनाचं चित्र असलेला दिवा लागायलाच हवा. तो लागला नाही तर ईसीयूला वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मुख्य रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि त्याचे फ्यूज आधी बघायचे. दिवा लागतोय ही इथे चांगली खूण आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

त्याच्या शेजारी किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकतोय का? तो इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणा. चावीच्या मुठीतली चिप गाडीला ओळखू आली नाही तर बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ लागतो, पण इंधन किंवा ठिणगी बंद ठेवली जाते. काही गाड्या क्षणभर सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतात. उपाय सोपा आहे, दुसरी चावी वापरून पाहा. एकाच कडीत दोन चिपवाल्या चाव्या असतील तर वेगळ्या करा, त्या एकमेकींच्या सिग्नलमध्ये लुडबुड करतात. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटची बॅटरी उतरली असेल तर रिमोट थेट बटणाला टेकवून बटण दाबा. काही मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळी खाच असते, ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटाही बघा. अनेक गाड्यांमध्ये तो किंचित हलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा सेन्सर) संशय धरायचा, पण एवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण काही गाड्यांत सेन्सर धडधाकट असतानाही काटा हलत नाही.

आणि हो, टाकीत इंधन आहे का? हा प्रश्न विचारला की लोक चिडतात. पण इंधनाचा काटा अडकतो, टाकीतला फ्लोट बिघडतो आणि उतारावर तिरप्या उभ्या गाडीत उरलेलं थोडं पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर जातं. शंका असेल तर चार-पाच लिटर टाकूनच पुढे जा.

बॅटरी ‘सेल्फ मारते’ म्हणजे ती चांगलीच असते असं नाही

सेल्फ लागतोय म्हणून बॅटरीला आपण लगेच निर्दोष ठरवतो. पण स्टार्टर फिरवण्यातच सगळा जोर संपला तर त्या क्षणी व्होल्टेज इतकं खाली येतं की ईसीयू, कॉइल आणि पंप यांना पुरेशी वीज उरत नाही. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलना लावा. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो ९.६ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसऱ्या बॅटरीवरून जंप स्टार्ट द्या, पुढची तपासणी मग. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडून काढा आणि बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड तारा ओढून बघा. सैल अर्थिंगने होणारा बिघाड चकवा देणारा असतो. आज गाडी सुरू होते, उद्या होत नाही.

ओलं की कोरडं

इथून पुढे पेट्रोल गाडीच्या बाबतीत एक प्रश्न बाकी सगळ्या शक्यता दोन भागांत वाटून टाकतो: सिलिंडरपर्यंत इंधन पोचतंय का?

सेल्फ मारल्यानंतर सायलेन्सरजवळ पेट्रोलचा भपकारा येतोय का, हे आधी बघा. मग इंजिन थंड असताना एक प्लग काढा. त्याआधी त्याभोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती आत पडेल. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर इंधन पोचतंय. मग एकतर ठिणगी नाही, नाहीतर इंधन जास्त झालंय. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर इंधनाच्या बाजूला शोधा. प्लग काढायचं साधन किंवा धाडस नसेल तर वासावर भागवा. तो कच्चा पुरावा आहे, पण कामाचा.

ओल्या प्लगच्या बाबतीत आधी फ्लडिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झाल्याचा विचार करा. थंड इंजिन सुरू केलं, गाडी चार हात मागे-पुढे केली आणि लगेच बंद केली की हे हमखास होतं. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि ते जळायच्या आतच इंजिन बंद झालेलं असतं. यावर उपाय गाडीतच असतो. अॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून पाच-दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांमध्ये सेल्फच्या वेळी पेडल पूर्ण दाबलेलं असलं की ईसीयू इंजेक्टर बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊन सिलिंडर वाळतात. इंजिन पकडल्यासारखं वाटताच पाय सावकाश उचला. पेडल पंप करत बसू नका. ती कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे आणि या इंजिनांत तिचा काही उपयोग नाही.

इंधन पोचत नसेल तर

मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, खिडक्या बंद करा, रेडिओ-पंखा बंद करा आणि चावी ‘ऑन’ करा. सेल्फ मारायचा नाही. टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुंजन ऐकू आलं पाहिजे. ईसीयू पंप थोडा वेळ चालवून लाइनमध्ये दाब भरून घेतो, त्याचा तो आवाज. काही गाड्यांमध्ये दार उघडतानाच पंप चालतो, त्यामुळे चावी फिरवताना काही ऐकू येत नाही. तेव्हा दार उघडतानाही कान द्या.

आवाज आला नाही तर फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यावरून पंपाचा फ्यूज शोधा. नुसता डोळ्याने बघून तो चांगला ठरवू नका. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्या दोन्हींवर टेस्टर लावून दोन्हीकडे वीज येते का बघा. फ्यूज जळालेला निघाला तर त्याच अँपिअरचा बसवा. तोही लगेच उडाला तर तार कुठेतरी शॉर्ट झालीय, अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे आग लावायची तयारी आहे. फ्यूज ठीक असेल तर रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी तसाच रिले असतो. वरचा नंबर आणि पायांची रचना अगदी सारखी असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा.

अपघातात इंधन तोडणारा स्विच काही गाड्यांमध्ये असतो आणि मोठ्या खड्ड्यानेही तो उडतो. त्यावरचं बटण दाबलं की तो पूर्ववत होतो, पण त्याआधी गाडीखाली पेट्रोल गळत नाही ना, ते पाहून घ्या.

फ्यूज, रिले दोन्ही चांगले आणि पंप तरीही गप्प असेल तर पंपाच्या कनेक्टरवर वीज पोचतेय का मोजा. वीज पोचते, अर्थिंग आहे, पण पंप फिरत नाही, याचा अर्थ पंप गेला. मरायला टेकलेला पंप कधी कधी टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोकत सेल्फ मारला की फिरायला लागतो. गॅरेजपर्यंत जायला एवढं पुरतं, पण पंप बदलावाच लागतो. सीएनजी किट असलेल्या गाडीत हा त्रास विशेष होतो. गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, पण मालक पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाला ठेवतात. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. ते नसलं की तो तापून जातो.

पंप वाजतोय पण दाब अपुरा, असंही होतं. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) इंजेक्शन असलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब असतो आणि तो गेज लावूनच मोजायचा. गाडी बंद असली तरी लाइनमध्ये दाब राहतो, म्हणून पाइप असाच सोडू नका, पेट्रोल तोंडावर उडेल. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाडीत आणि डिझेलच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी उच्च दाबाची सामायिक नळी) तर उच्च दाबाच्या बाजूचा एकही नट घरी सैल करायचा नाही. तिथे दाब शेकडो बारमध्ये असतो, डिझेलमध्ये हजाराच्याही वर जातो. इंधनाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम किरकोळ दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.

ठिणगी नसेल तर

प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत आजच्या गाड्यांवर वापरू नका. कॉइलमधून वीस हजारांहून जास्त व्होल्ट निघतात. त्याला नीट अर्थिंग मिळालं नाही तर कॉइल किंवा ईसीयू जळू शकतो, आणि प्लगच्या भोकातून आलेली पेट्रोलची वाफ तिथेच पेटू शकते. स्वस्तातला स्पार्क टेस्टर आणा, पंपाचा फ्यूज काढा, कॉइल आणि इंजिनाच्या धातूमध्ये टेस्टर लावा आणि मग सेल्फ मारा. ठिणगी निळसर, जोरकस दिसायला हवी.

एका सिलिंडरला ठिणगी आहे आणि दुसऱ्याला नाही, तर ती कॉइल किंवा तिची तार. पण एकच कॉइल गेली असेल तर इंजिन अडखळत का होईना सुरू होतं. कुठेच ठिणगी नसेल तर चारही कॉइल एकदम गेल्या असं मानणं वेडेपणाचं आहे. सगळ्यांना समान असलेलं काहीतरी गेलंय: कॉइलचा फ्यूज, रिले किंवा क्रँकशाफ्टची जागा सांगणारा सेन्सर.

हा क्रँक सेन्सर म्हणजे ‘फिरतंय पण पकडत नाही’ या तक्रारीमागचा सगळ्यात लपलेला गुन्हेगार. इंजिन फिरतंय हे ईसीयूला त्याच्याकडूनच कळतं. त्याचा सिग्नल आला नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं, मग तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. म्हणूनच ठिणगी आणि इंधन दोन्ही एकदम गायब असतील तर आधी याच्याकडे बघावं. त्याची दुसरी ओळख म्हणजे गाडी तापल्यावर बंद पडते, अर्धा-पाऊण तास उभी राहिली की काही झालंच नाही अशी सुरू होते. सेन्सरमधलं तारेचं वेटोळं उष्णतेने तुटतं आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतं. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते आणि मेकॅनिकला दाखवायला काहीच उरत नाही. अशी गाडी असेल तर बंद पडलेल्या क्षणीच स्कॅनर लावायचा.

स्कॅनर लावा, पण त्याचं ऐकताना सावध राहा

डॅशबोर्डखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट, म्हणजे ईसीयूत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचायची जागा, असतो. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं अॅप एवढ्यावर बरंच काम होतं. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३४० कॅम सेन्सरचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा), पी ००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी, पी ०२३० पंपाचं सर्किट. पी ००१६ आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, म्हणजे चेन किंवा बेल्ट सरकल्याची शंका घ्यायची. पण कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सुट्या भागाकडे नव्हे. उंदराने कुरतडलेली तार आणि मेलेला सेन्सर यांचा कोड एकच येऊ शकतो. म्हणून आधी कनेक्टर काढून त्यात पाणी, गंज, वाकलेली पिन आहे का बघा.

कोडपेक्षा मला लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी सेन्सर देत असलेले आकडे, जास्त भरवशाचा वाटतो. सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दिसतोय का? रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसतंय का? थंड इंजिन ९० अंश सेल्सिअस दाखवत असेल तर ईसीयू त्याला गरम समजून कमी पेट्रोल देणार आणि गाडी पकडणार नाही. उणे ४० दिसलं तर सेन्सरची तार बहुधा तुटलीय. स्कॅनर ईसीयूशी जोडलाच जात नसेल तर सॉकेटचा फ्यूज आणि ईसीयूची वीज तपासा.

डिझेलसाठी धूर बघा

डिझेलमध्ये ओल्या-कोरड्या प्लगचं काम धूर करतो. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट-करडा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही: ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

थंडीत स्प्रिंगच्या चित्राचा दिवा, म्हणजे ग्लो प्लगचा, विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. नुकताच डिझेल फिल्टर बदलला असेल किंवा टाकी एकदा कोरडी झाली असेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असते. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करून टाकीतल्या पंपाला काम करू द्या. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून भांड्यात थोडं डिझेल घ्या, पाणी असेल तर ते खाली वेगळं बसलेलं दिसेल. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, तिथे गाडी उबदार जागी नेण्याला पर्याय नाही. कॉमन रेलमध्ये सेल्फच्या वेळी साधारण २०० ते ३०० बार दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. दाब चढतच नसेल तर पंप, प्रेशर व्हॉल्व्ह किंवा परतीच्या नळीतून डिझेल सोडून देणारा इंजेक्टर यांपैकी कुणीतरी दोषी, आणि ते काम डिझेल पंपवाल्याचं.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नका. डिझेलच्या वंगणावर चालणारा उच्च दाबाचा पंप पेट्रोलने घासला जातो. टाकी आधी रिकामी करायची.

इंजिनाच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्ला हमखास मिळतो. ग्लो प्लग असलेल्या डिझेलवर तो मुळीच मारू नका, तापलेल्या प्लगवर तो नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो. पेट्रोल गाडीत एअर फिल्टरनंतर एक छोटा फवारा मारल्यावर इंजिन दोन सेकंद पकडून बंद पडलं, तर ठिणगी आहे आणि इंधन नाही एवढं कळतं. त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

ठिणगी आहे, इंधन आहे, तरीही नाही

आता उरते हवा आणि टायमिंग. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी केलेलं घरटं किंवा पाण्याने लगदा झालेला फिल्टर निघू शकतो. पाणी आत पर्यंत गेलेलं दिसलं तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टायमिंगची झटपट चाचणी: इंजिन ऑइल घालायचं झाकण काढल्यावर आत कॅमशाफ्ट दिसत असेल, तर हात आणि कपडे लांब ठेवून दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगा. कॅम स्थिर असेल तर बेल्ट किंवा चेन तुटलीय आणि गाडी टोइंगवरच जाणार. कॅम फिरत असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं, सगळे प्लग काढून, पंप आणि कॉइलचे फ्यूज बाजूला ठेवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. पेट्रोल इंजिनात ९ ते १३ बार सर्वसाधारण, ७ च्या खाली चिंतेचं. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

तोवर आजूबाजूला जमलेल्यांपैकी कुणीतरी ‘धक्का मारून बघू’ म्हणालेलं असतं. सेल्फ जे काम करतो तेच धक्का करतो, इंजिन फिरवतो. बॅटरी उतरली असेल आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल तरच त्याचा फायदा. सेल्फ चांगला लागत असताना धक्का मारून ठिणगी किंवा इंधन येत नाही, उलट टायमिंग बिघडलेलं असेल तर व्हॉल्व्ह वाकतात. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही. तिला टोइंगसाठी नेताना इंजिनाने फिरणारी चाकं जमिनीवरून उचललेली असली पाहिजेत, नाहीतर गिअरबॉक्सचा वेगळाच खर्च उभा राहतो.